टिप्टनचा खांदा

एल्म क्रीक, विस्कॉन्सिन
बुधवार, २ नोव्हेंबर १९८३

प्रिय रॉयस,

काल सकाळी सहा वाजता मी चर्च तापवायची भट्टी पेटवायला गेलो होतो. सर्व संतांचा दिवस. वर्षभरात गावातले जे गेले त्यांची नावं वाचायची आणि प्रत्येकासाठी एकदा घंटा द्यायची. पास्टर लिंडाल यांचे हात आता दोर ओढण्याजोगे राहिलेले नाहीत, म्हणून ते काम माझ्याकडे आलं आहे. यंदा नऊ नावं होती. ती पडताळायला जुनी नोंदवही काढली, तर भलतंच पान उघडलं. मे १९५९. ‘डेल रॉयस ऑस्ट्रँडर, बाप्तिस्मा.’ खाली धर्मपिता म्हणून माझी सही. काय ती सही! आदल्या हंगामात मोडलेलं बोट तेव्हा अजून वाकत नव्हतं. आपण दोघे उसने कोट घालून उभे होतो आणि तुझ्या कोटाची शिवण पाठीत उसवली होती, हे सगळं त्या थंड खोलीत उभ्या उभ्या आठवलं.

आज लिहिण्याचं कारण वेगळं आहे. वीस तारखेला तुझ्या डेलचा फुटबॉल संघ, पायलट्स, आमच्या मिलर्सच्या मैदानावर येत आहे. डेल नियमित खेळायला लागल्यापासून पहिल्यांदाच. नऊ वर्षं तू जिथे उभा राहायचास तिथेच तो उभा राहतो, लाइनच्या डाव्या कडेला, चेंडू फेकणाऱ्याची पाठ राखायला. मी तुझ्या शेजारी आतल्या बाजूला असायचो. आता मी वर काचेमागे दुर्बीण घेऊन बसतो.

येत्या रविवारी मी त्यांचा सामना बघायला जाईन, मग आठवडाभर फिल्म, आणि मंगळवारी पंधरा तारखेला माझी ‘समोरासमोर’ची पानं मुख्य प्रशिक्षक म्हाताऱ्या ब्रँडवोल्डच्या टेबलावर. त्यांचा कोण आमच्या कोणासमोर येणार, कोण कोणाला भारी पडेल, फट कुठे आहे. त्यात डेलवरही एक पान असेल. आमचा मॅकिल्वेन त्याच्या कडेने धावून येणार की दुसऱ्या कडेने, हे म्हाताऱ्याने अजून ठरवलेलं नाही. तो पानं वाचूनच ठरवतो.

तेव्हा आपला नेहमीचा नियम. सामना होईपर्यंत मी तुला लिहिणार नाही, तू मला लिहायचं नाहीस. व्हर्ना म्हणते, या पंधरवड्यात मी तिच्यापेक्षा प्रोजेक्टरशी जास्त बोलतो. इर्माला नमस्कार.

तुझा,
हार्लन


मेपल फोर्ड, आयोवा
सोमवार, ७ नोव्हेंबर

हार्लन, लेका,

नियम मोडतोय. तू देवमाणूस आहेस, माफ करशील.

दुकानात बसून लिहितोय. खिळे घ्यायला सकाळपासून दोनच माणसं आली आणि दोघांनीही खिळ्यांऐवजी वीस तारखेच्या गप्पाच विकत घेतल्या. ‘मिस्टर ऑस्ट्रँडर, मॅकिल्वेनला पोरगा थोपवेल का?’ मी म्हणतो, घोड्यासारखा आहे माझा पोरगा. त्याची काळजी करू नका.

आता मुद्द्याचं. तुमच्याकडे म्हणे ते कॉम्प्युटरवाले दोन पोरगे आलेत. फिल्म न बघता आकडे काढतात. पेपरात वाचलं. सतरा वर्षं राबलेल्या माणसाला म्हाताऱ्याने असं बाजूला सारलेलं मला बघवणार नाही. म्हणून तुला एक वस्तू देतोय, त्यांच्या मशीनमधून कधी निघणार नाही अशी.

डेलच्या संघात उजव्या कडेला ऑर्विल टिप्टन आहे ना, त्याचा डावा खांदा गेलाय. दुखणं मारायची सुई टोचून खेळतो. जखमींच्या यादीत नाव नाही, कारण संघाने लपवलंय. डेलच्या तोंडून फोनवर निसटलं. टिप्टन आणि तो एका घरात राहतात, त्यामुळे त्याला माहीत. मॅकिल्वेनला दिवसभर त्या खांद्यावर घातलंत तर अर्ध्या सामन्यात ती कड उघडी पडेल. डेलची बाजू सोडून द्या, तिथे डोकं आपटण्यात अर्थ नाही.

कुणी सांगितलं विचारलं तर म्हण, फिल्ममध्ये दिसलं. तुझ्या डोळ्यांवर कोण शंका घेणार?

इर्मा पोस्टाकडेच निघाली आहे, तिच्याकडेच देतो.

रॉयस


एल्म क्रीक
शुक्रवार, ११ नोव्हेंबर

रॉयस,

तुझं पत्र मिळालं. जे करायला हवं तेच मी करीन. आता वीस तारखेपर्यंत खरोखरच काही लिहू नकोस.

डेलसाठी रोज प्रार्थना करतो. चर्चच्या तळघरात परवा लुटेफिस्क माशाचं जेवण झालं. इर्माच्या हातच्या बटाट्याच्या पोळ्यांची सगळ्यांनी आठवण काढली.

हार्लन


मिलर्स फुटबॉल संघ
मंगळवार, १५ नोव्हेंबर
मुख्य प्रशिक्षक ब्रँडवोल्ड यांस. बाहेर जाऊ नये.

समोरासमोर: पायलट्स, २० नोव्हेंबर

मध्यभागी त्यांचा सेंटर ठेंगणा पण दणकट आहे. चेंडू मागे देण्याआधी तो मान किंचित वर करतो. आमच्या ड्यूगनने चेंडूकडे न बघता मानेकडे बघावं. अर्धं पाऊल आधी मिळेल.

चेंडू घेऊन धावणारा स्टब्ज उजवीकडे जायचं असलं की हात गुडघ्यांवर ठेवतो, डावीकडे जायचं असलं की मांड्यांवर. चार सामन्यांत हे दोनदाच चुकलं.

लांबचे पास झेलणारे त्यांचे दोघे आमच्या मागच्या फळीपेक्षा वेगवान आहेत. त्यांच्याबरोबर पळून आपण जिंकणार नाही. चेंडू सुटण्याआधी फेकणाऱ्यापर्यंत पोचणं हा एकच मार्ग. म्हणजे सगळा सामना दोन कडांवर आहे.

उजवी कड, टिप्टन. दोन्ही हात चालतात. संथ पण चिवट. नवीन काही नाही.

डावी कड, ऑस्ट्रँडर. लीगमधल्या पहिल्या पाचांत धरावा असा खेळाडू. परंतु गेल्या दोन सामन्यांत पडल्यावर उठताना तो आधी उजव्या पायावर भार घेतो. पास राखायला मागे सरकताना डावं पाऊल पूर्वीपेक्षा बोटभर बाहेर वळलेलं असतं. फिल्म क्रमांक दोन, डाव सतरा, तेवीस आणि एकेचाळीस पाहावेत. डाव्या पायावर जोर देऊन आत परत यायची वेळ आली की तो उशिरा येतो. माझ्या मते डाव्या गुडघ्याला काहीतरी झालेलं आहे. यादीत नाही.

शिफारस: मॅकिल्वेन दिवसभर ऑस्ट्रँडरसमोर. दोन पावलं बाहेरून पळावं, म्हणजे तो डाव्या पायावर येईल. तिसरं पाऊल आत. यात नियमबाह्य काहीही नाही.

ह. ट्वेट


मेपल फोर्ड
बुधवार, २३ नोव्हेंबर

हार्लन,

सोमवारी डेलच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. पाच तास. डॉक्टर तरुण आहे, माझ्याशी बोलताना सारखा चष्मा पुसत होता. म्हणाला, ‘चालेल. जिने चढेल. कधीतरी हरणांच्या शिकारीलाही जाईल.’ मी म्हटलं, आणि खेळ? तो म्हणाला, ‘मिस्टर ऑस्ट्रँडर, मी आत्ताच सांगितलं ना, चालेल.’

तू वर काचेमागे होतास. तुला मी काय सांगू! तिसऱ्या क्वार्टरमध्ये झालं. आम्ही पंचवीस ओळी वर बसलो होतो. इर्माने हातमोजा तोंडात कोंबला, नाहीतर तिची किंकाळी तुला काचेतून ऐकू गेली असती. आमच्या मागे एक जण सॉसेज खात होता, तो म्हणाला, ‘उठेल, उठेल, नाटक आहे.’ मी मागे वळलो. इर्माने बाही धरली म्हणून, नाहीतर मी ज्या दोन काठ्यांवर चालतो त्यांपैकी एक त्याच्या डोक्यात मोडली असती.

तुम्ही जिंकलात. वीस-सतरा. अभिनंदन.

आता एका प्रश्नाचं उत्तर दे. मॅकिल्वेन दिवसभर माझ्या पोरासमोर का होता? एक डावसुद्धा पलीकडे गेला नाही, मी मोजत होतो. मी तुला टिप्टनचा खांदा हातात आणून दिला होता. तू लिहिलंस, ‘जे करायला हवं तेच मी करीन.’ ते वाचून मी दोन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. म्हटलं, हार्लनने समजून घेतलं. आणि तू काय केलंस? त्या पत्राची बत्ती करून चर्चची भट्टी पेटवलीस?

उद्या थँक्सगिव्हिंग. टर्की आणलेली नाही.

रॉयस


एल्म क्रीक
सोमवार, २८ नोव्हेंबर

प्रिय रॉयस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा पोस्टाच्या पायरीवर, मग गाडीत, मग चर्चमध्ये. डेलसाठी काल सगळ्या गावाने प्रार्थना केली. पास्टर लिंडाल गाताना मध्येच खाली बसले आणि पुढची दोन कडवी ऑर्गनवालीने नुसतीच वाजवली.

तू विचारतोस, मी काय केलं. मी ते पत्र जाळलं नाही. टेबलाच्या खणात ठेवलं आणि खणाला कुलूप लावलं. फोनवर घरच्यांशी बोलताना एका मुलाच्या तोंडून जे निसटलं, त्याच्यावर मी पोट भरणार नव्हतो. टिप्टनच्या पानावर खांद्याबद्दल अक्षर न लिहिता ‘नवीन काही नाही’ असं लिहिलं. सतरा वर्षांत जो माणूस मला पगार देतो त्याच्यापासून मी पहिल्यांदाच काहीतरी लपवलं, आणि ते तुझ्या शब्दाखातर. तुझी मैत्री मी विकली नाही. तू माझे आभार मानशील असं मला वाटलं होतं. सामन्याच्या सकाळी प्रार्थनेला उभा राहिलो तेव्हा माझं मन स्वच्छ होतं, हे मी तुला सांगायलाच हवं.

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. त्या दिवशी मी टिप्टनलाही दुर्बिणीतून पाहिलं. साठ मिनिटं तो दोन्ही हातांनी खेळला. शेवटच्या डावात त्याने आमच्या अडीचशे पौंडाच्या माणसाला डाव्या हाताने उचलून बाजूला ठेवलं. सुई टोचलेला खांदा असं करत नाही. माझ्या स्वतःच्या खांद्यात दोन हंगाम सुई होती, तुला आठवत असेल.

रॉयस, तू जे लिहिलंस ते खरं होतं का?

बाकी सारं देवाच्या हाती.

हार्लन


मेपल फोर्ड
सोमवार, ५ डिसेंबर

हार्लन,

नाही. खरं नव्हतं. टिप्टनचा खांदा तुझ्या चर्चच्या तुळईसारखा शाबूत आहे.

डेलचा गुडघा ऑक्टोबरातच गेला होता. सराव करताना. त्याने फक्त मला सांगितलं. संघाला नाही, आईला नाही, टिप्टनलासुद्धा नाही. हंगाम संपला की नवा करार होता, आणि लंगड्या घोड्याशी कोण करार करतं? मी बाप म्हणून काय सांगायला हवं होतं? ‘घरी ये पोरा, खिळे विक.’ ते नाही सांगितलं. मी सांगितलं, पट्टी घट्ट बांध, कुणाला कळू देऊ नकोस, मी बघतो काय करायचं ते. आणि मी बघितलं. म्हटलं, मॅकिल्वेन दुसऱ्या कडेला गेला की एक रविवार निभेल. पुढचे सगळे संघ हलके होते. एक रविवार, हार्लन! त्यासाठी मला एक माणूस एक आठवडा चोर व्हायला हवा होता. तू. तुला मी पंचवीस वर्षं ओळखतो. तू लोकांच्या दुखऱ्या पायांवर जगतोस, त्यांच्या उठण्याबसण्यातून दुखणी हुडकतोस आणि टाइप करून पाठवतोस. मला वाटलं, दुखणं आयतं हातात आलं तर तू ते वापरशीलच. तुला नेमका त्याच आठवड्यात संत व्हायचं होतं!

मी तुला सरळ लिहिलं असतं की पोराचा गुडघा गेलाय, त्याला वाचव, तर? नाही लिहू शकलो. तुझ्या टेबलावर त्याच्या नावाचं पान होतं.

आता पुढचं ऐक. मॅकिल्वेन इस्पितळात आला होता. फुलं घेऊन. सभ्य पोरगा आहे. डेलच्या पलंगाजवळ उभा राहून म्हणाला, ‘मला माफ कर. तुझा डावा पाय भार घेत नाही असं आम्हाला सांगितलं होतं. एवढं होईल असं वाटलं नव्हतं.’ तो गेला आणि डेल माझ्याकडे वळला. म्हणाला, ‘बाबा, मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं.’ नेमकं तेव्हाच इर्माने, बिचारीने, सांगितलं की तुला लिहिलेलं पत्र तिने स्वतःच्या हाताने पेटीत टाकलं होतं, ऐन त्याच पंधरवड्यात.

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोललेला नाही. फोन टिप्टन उचलतो आणि म्हणतो, ‘झोपलाय, मिस्टर ऑस्ट्रँडर.’ दुपारी दोन वाजता झोपलाय! माझ्या पोराला वाटतं की त्याचा गुडघा त्याच्या बापाने विकला.

मी तुला टिप्टनबद्दल लिहिलं होतं, गुडघ्याबद्दल एक अक्षर नाही. मग तुम्हाला कळलं कसं? हे मी स्वतःला आठ दिवस विचारतोय, आणि उत्तर एकच निघतं. तुझ्या मागच्या पत्रात टिप्टनच्या पानाबद्दल सगळं आहे. डेलच्या पानाबद्दल काही नाही.

असेल तसं जाऊन त्याला सांग. तुझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. आणि मी टिप्टनचं नाव लिहिलं होतं हे त्याला कळता कामा नये. तेवढं माझ्यासाठी कर. मग मला आयुष्यात पुन्हा लिहिलं नाहीस तरी चालेल.

रॉयस


एल्म क्रीक
बुधवार, १४ डिसेंबर

रॉयस,

तुझं बरोबर आहे. मी पाहिलं होतं.

आठ नोव्हेंबरच्या सकाळी, फिल्मच्या खोलीत. तुझं पत्र अजून वाटेत होतं. डाव सतरा. डेल पडला आणि उठला, आणि उठताना त्याने जे केलं ते मी १९६४ साली तुला करताना शेजारून पाहिलं होतं. तू ते डॉक्टरपासून लपवलं होतंस, माझ्यापासून लपवू शकला नव्हतास. मी फिल्म मागे घेतली, पुढे घेतली. चाळीस वेळा तरी घेतली असेल. त्याच्या पायाची हालचाल तुझी आहे, रॉयस, हुबेहूब. अनोळखी माणसाला ते दिसलं नसतं. त्या कॉम्प्युटरवाल्यांना तर कधीच नाही. मला दिसलं, कारण मी तुझ्या शेजारी नऊ वर्षं उभा होतो.

मग मी ते टाइप केलं. तुझं पत्र खणात घालून कुलूप लावलं आणि त्याच टेबलावर, त्याच दिवसांत डेलचं पान लिहिलं. एक चोरीचं आहे, दुसरं माझ्या कष्टाचं आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. शेवटी ‘नियमबाह्य काहीही नाही’ असं लिहिलं. सतरा वर्षांत कुठल्याच पानावर मला ते लिहावं लागलं नव्हतं. सामन्याच्या सकाळी मन स्वच्छ होतं असं मी तुला लिहिलं, ते खोटं होतं.

तुझं पत्र आल्यावरही मी पाच दिवस काढले. आज जाऊ, उद्या जाऊ. पान संघाच्या मालकीचं, पेन्शनला चार वर्षं, रस्त्यावर बर्फ. कारणांना तोटा नव्हता. रविवारी पास्टरांनी बाप्तिस्मा केला, पीटरसनांच्या नातीचा. धर्मपित्याला प्रश्न विचारला, तेव्हा मागच्या बाकावर बसून मी नकळत ओठांनी उत्तर दिलं. व्हर्नाने ते पाहिलं. घरी येताना ती म्हणाली, ‘इथे ओठ हलवून काय उपयोग? जिथे तोंड उघडायचं तिथे जा की!’

सोमवारी सकाळी म्हाताऱ्याच्या टेबलावर किल्ल्या ठेवल्या.

‘काय हे?’ तो म्हणाला.

‘ऑस्ट्रँडरचं पान मी त्याला दाखवणार आहे.’

‘ते पान संघाचं आहे, ट्वेट.’

‘म्हणूनच आधी तुम्हाला सांगतोय.’

त्याने किल्ल्या खणात टाकल्या आणि फोन उचलला. मला निरोप द्यायला तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही. त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

काल डेलकडे गेलो. सात तासांचा रस्ता. दार टिप्टनने उघडलं. मी त्याला आजवर फक्त वरून पाहिलं होतं. जवळून तो अगदी कोवळा दिसतो, नाकावर वांग आहेत. ‘हार्लन काका ना? या, या. साहेब वर आहेत, आज मूड बरा आहे, म्हणजे त्यांनी मला फक्त एकदाच शिव्या दिल्यात. जिना जपून चढा, तिसरी पायरी वजन पडलं की माझ्यासारखी कुरकुरते.’ मग त्याने सहज सांगितलं की डॉक्टरकडे न्यायला, आंघोळीला, जेवायला तोच डेलला वर-खाली आणतो. ‘हात टाकतो माझ्या खांद्यावर आणि सगळं वजन माझ्यावर. आळशी आहे लेकाचा.’ हे सांगताना त्याने स्वतःच्या डाव्या खांद्यावर थापटलं.

डेल खिडकीशी बसला होता. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. तू पाहिलंच आहेस.

‘बाबांनी पाठवलं?’

‘त्याने जा म्हटलं. पण आलो मी माझ्या पायांनी.’

‘मजा आहे बुवा तुमची.’

मी त्याला पान दिलं. त्याने सावकाश वाचलं, सेंटरच्या मानेपासून. स्टब्जच्या हातांबद्दल वाचून तो हसला. ‘हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.’ मग स्वतःच्या नावापाशी आला आणि हसू थांबलं. त्याने तारीख पाहिली, डावांचे क्रमांक पाहिले.

‘सतरावा डाव. हो. त्यात दुखलं होतं. म्हणजे बाबांनी सांगितलं नव्हतं?’

‘त्याने गुडघ्याबद्दल एक शब्द लिहिला नाही. मी पाहिलं. मीच लिहिलं.’

‘आणि हे शेवटचं? नियमबाह्य काही नाही?’

‘तेही माझंच.’

‘काका, आई सांगते माझ्या बाप्तिस्म्याला तुम्ही हात वर करून काहीतरी म्हणाला होतात. काय म्हणाला होतात?’

‘मुलाला जपेन म्हणालो होतो.’

त्याने रस्त्याकडे तोंड वळवलं. समोरचा माणूस बर्फ फावड्याने ओढत होता. मी त्याची क्षमा मागितली. त्याने पान घडी करून खिडकीत ठेवलं. मी उठलो. रॉयस, तुझं काम तिथे झालं होतं. त्याचा तुझ्यावरचा आळ उतरला होता. मी दारापर्यंत पोचलो होतो.

‘मग त्या आठवड्यात बाबांनी तुम्हाला लिहिलं काय होतं?’

तुझं पत्र माझ्या कोटाच्या खिशात होतं. का नेलं होतं म्हणशील, तर खरंच सांगता येत नाही. घरी ठेववेना. तू मागितलेलं मी विसरलो नव्हतो. ‘हवापाण्याचं’ असं म्हणता आलं असतं. तो मानायला तयार होता, त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. त्याला बाप परत हवा होता.

खालून टिप्टन ओरडला, ‘महाराज! सूप वर आणू की तुम्हाला खाली आणू?’

‘आण मला खाली!’ डेल ओरडला, आणि जिन्यावर टिप्टनची पावलं वाजायला लागली. तिसरी पायरी कुरकुरली.

तू विचार केला नव्हतास. खांदा शाबूत होता म्हणून कुणाचं काही बिघडलं नसतं, असं तुला वाटलं असेल. मॅकिल्वेन दिवसभर त्या खांद्यावर आदळला असता. दुखतोय असं समजून आदळला असता. संध्याकाळपर्यंत तुझं पत्र खरं झालं असतं. टिप्टनही कुणाचा तरी मुलगा आहे. बापाने आपल्या मुलाऐवजी त्याला पुढे केलं, आणि तो माझ्या समोरून वर येत होता, डेलला खांदा द्यायला.

मी एक पान लपवलं आणि एक पान लिहिलं, आणि दोन्ही वेळा मला वाटलं होतं की मी प्रामाणिक आहे. तिसऱ्यांदा निवड करायचं धाडस माझ्यात उरलं नव्हतं. यातून तुझी आणि माझी मैत्री संपली, हे मला तिथे उभा असतानाच कळत होतं.

टिप्टन दारात यायच्या आत मी परत फिरलो, खिशातून तुझं पत्र काढलं आणि डेलच्या हातात दिलं.

हार्लन